उघड्या दाराची येस

परवा दुकानाचं शटर वर करत होते, तर समोर हिरव्या हरभऱ्याची गाडी उभी. जुड्यांवर अजून दव होतं. एक जुडी उचलली, उभ्या उभ्या घाटा फोडला आणि दाणा तोंडात टाकायच्या आधी सवयीने बोटं चाटली. तो आंबटपणा जिभेला लागला आणि मागचा सगळा हिवाळा समोर येऊन उभा राहिला. गाडीवाला विचारत होता, ताई, किती जुड्या देऊ, आणि मी बोटंच चाटत उभी होते. बाईचं सकाळी सकाळीच बिनसलेलं दिसतं, असं त्याला वाटलं असेल. बिनसलेलंच होतं. वर्ष झालं, तरी हरभरा बाजारात आला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

खामगावात माझं चष्म्याचं दुकान आहे, खाली दुकान, वर घर. नंबर काढणं, काचा घासणं, फ्रेमी बसवणं आणि ‘मला नंबर नाहीच’ म्हणणाऱ्यांशी हुज्जत घालणं, हे माझं रोजचं काम. स्वभाव तापट. लोक म्हणतात, शीलाबाईच्या दुकानात डोळ्यांसोबत कानही साफ होऊन निघतात. म्हणोत बापडे. आणि छंद म्हणाल, तर जुनी रोमन नाणी. त्यातही सोन्याचांदीची नाहीत. साम्राज्याला उतरती कळा लागली त्या काळातली, काशाची, अंगठ्याच्या नखाएवढी चिल्लर. तेव्हा कुण्या सैनिकाने त्यांची भाकरी घेतली असेल, कुण्या बाईने दिव्याचं तेल. खामगावात राहून रोमची चिल्लर कोण गोळा करतं, असं लोक विचारतात. मी म्हणते, मी करते. मग पुढे कुणी काही विचारत नाही.

हे खूळ लागलं नागपुरात. चष्म्याच्या फ्रेमींचं प्रदर्शन बघायला गेले होते, तर शेजारच्याच हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन. एका टेबलावर टोपलीत चिंचोक्यांएवढी काळीमातकट ढेकळं ठेवलेली. विकणारा म्हणाला, यात नाणी आहेत, पण आत काय निघेल ते मलाही ठाऊक नाही. झालं! मला असं कुणी सांगितलं की मी संपलेच. मूठभर ढेकळं पदराला बांधून आणावीत तशी घेऊन आले. मग हळूहळू कळलं की त्यांना घासायचं नसतं. काशावर शेकडो वर्षांत जो हिरवाकाळा थर धरतो, चित्र त्या थरातच असतं. थर गेला की चित्र गेलं. म्हणून नाणी आधी बॅटरीच्या पाण्यात भिजत घालायची, म्हणजे गाड्यांच्या बॅटरीसाठी मिळतं त्या शुद्ध पाण्यात. दर आठवड्याला पाणी बदलायचं. दोन-तीन महिन्यांनी माती मऊ पडली की भिंगाखाली धरून बाभळीच्या काट्याने एकेक कण काढायचा. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत जिला दम निघत नाही, ती मी, एकेका नाण्याला चार-चार महिने देऊ लागले.

माझी माय पिंपळगाव राजाला माझ्या भावाकडे राहते. थंडी पडली की दर शनिवारी एस.टी.ने माझ्याकडे यायची आणि सोमवारी सकाळी परत. रविवारी दुकान बंद. सकाळी विहारातून आलो की जेवायचं, मग गच्चीवर उन्हात सतरंजी टाकायची, मधे ताटली, एकीकडे भिंग घेऊन मी, दुसरीकडे काटा घेऊन माय. वरवरची माती तिने काढायची, बारीक काम मी करायचं. तिचा हात हलका. आमच्यात बोलणं फार व्हायचं नाही. लहानपणी ती दिवसभर दुसऱ्याच्या वावरात आणि मी पुस्तकात. इतकं निवांत एकमेकींसमोर आम्ही कधी बसलोच नव्हतो. आज लिहिताना कळतं, मला नाण्यांपेक्षा ती सतरंजी जास्त प्यारी होती. तेव्हा कुणी हे तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते.

या नाण्यांच्या प्रकारांना पुस्तकांत लांबलचक लॅटिन नावं आहेत. मायने सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. भाल्याचा घाव बसून घोड्यावरून घसरणारा स्वार, तो ‘पडेल’, म्हणजे पडलेला. दोन शिपाई आणि मधे एक झेंडा, ते ‘हवालदार’. झेंडे दोन असले तर ‘जोडझेंड्याचे हवालदार’. दोन बाळांना पाजणारी लांडगी तिच्या लेखी सरळ ‘बाळंतीण’. आणि दगडी दरवाजा, त्यावर दोन बुरूज, बुरुजांच्या मधे चांदणी, ती ‘येस’. गावाच्या वेशीला आमच्याकडे येसच म्हणतात. हा दरवाजा छावणीचा की शहराचा, का ते बुरूज म्हणजे इशाऱ्याचा जाळ करायचे मनोरे, यावर जगातले विद्वान अजून भांडताहेत. मायने एकदा अंगठा फिरवला आणि सांगून टाकलं, येस हाये, वरते दिवे लावेल हायेत. मला पटलं. माझ्या वहीत आजही हीच नावं आहेत. ज्याला समजत नसेल त्याने येऊन विचारावं.

या येशीतच मी अडकून पडले. प्रकार तरी किती! कुठे दोन बुरूज, कुठे तीन. कुठे चांदणी आहे, कुठे नाही. दगडांचे थर कुठे सहा, कुठे आठ. कमानीत एखादा ठिपका. खाली टाकसाळीची अक्षरं, त्यावरून नाणं कुठल्या गावात पडलं ते कळतं. हुकूम एकच, की अशी येस कोरा. पण कोरणारे हात गावोगावचे, आणि प्रत्येकाने आपल्या परीने ती कोरली. एखाद्याने थर मोजलेच नसतील, एखाद्याला चांदणी काढायचा कंटाळा आला असेल. भिंगाखाली बघताना मला तो माणूसच समोर दिसायचा, दुपारच्या झोपेने डोळे जड झालेला. आणि जवळपास सगळ्यांत एक गोष्ट सारखी, येशीला दारं नाहीत, नुसती कमान. फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल नावाचं गाव आहे. तिथल्या टाकसाळीत काही काळ अशी येस पडली की जिला बुरूज चार आणि दारं दोन, दोन्ही सताड उघडी. मला ती हवी होती. आयती साफ केलेली मिळते, ती नको. मातीतून, माझ्या हाताने निघालेली हवी. त्यासाठी नऊ वर्षं ढेकळं भिजवली. यात शहाणपणा नाही हे मला मान्य आहे, पण एकदा मनात घेतलं की सोडायचं मला जमत नाही.

आणि मागच्या मार्गशीर्षात ती निघाली. रविवारची दुपार, गच्चीवर कोवळं ऊन. काटा फिरवता फिरवता कमानीच्या डाव्या अंगाला एक तिरपी रेघ उघडी पडली. मी काटा खाली ठेवला, भिंग पुसलं, परत बघितलं. मग उजव्या अंगाला तशीच दुसरी रेघ. दारं! वर चार बुरूज मोजले, तीनदा मोजले. तिसऱ्यांदा मोठ्याने. मायने विचारलं, काय झालं वं, आणि मी म्हटलं, माय, उघड्या दाराची येस. ती हसली, नाणं हातात घेतलं, अंगठा फिरवला, छान हाये म्हणाली. खालची अक्षरं मात्र अजून थराखाली होती. ‘ए, आर, एल’ अशी तीन अक्षरं निघाली असती तर आर्ल नक्की झालं असतं; त्यांच्याशिवाय नुसती बढाई. मी ठरवलं, घाई करायची नाही. नाणं वेगळ्या वाटीत भिजत ठेवलं आणि होळीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावलं. मायलाही बजावलं. की नव्हतं बजावलं? आता आठवत नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

आता आंबेचं सांगते. हिवाळ्यात हरभऱ्याच्या पानांवर जे दव पडतं ते पानांवरचा खारट आंबटपणा घेऊन बसतं. दिवस उगवायच्या आधी वावरात जायचं, स्वच्छ पांढरं फडकं हरभऱ्यावर पसरून ओढत न्यायचं आणि ओलं झालं की भांड्यात पिळायचं. ती हरभऱ्याची आंब. बाटलीत भरून ठेवली की पोट दुखो, अन्न पचत नसो, चमचाभर पाण्यात घालून घेतात. माय दरवर्षी काढते. पाय गारठून निळे पडतात, तरी काढते. आणि ही आंब लावून पाणी भरायची तांब्याची गुंडी घासली की लख्ख उजळते, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही.

पौषातला रविवार होता. मी बाजारातून भाजी घेऊन आले आणि पिशवीसकट सरळ गच्चीवर गेले. माय सतरंजीवर एकटी बसलेली. शेजारी आंबेची बाटली, चिमूटभर राख, हातात फडकं. तोंडावर असा आनंद की मला वाटलं गावाकडून काही चांगली बातमी आली. तिने मूठ उघडली. तांब्यासारखा लालबुंद, चमकता एक तुकडा, सगळा खड्ड्याखड्ड्यांचा. येस नव्हती, बुरूज नव्हते, अक्षरं नव्हती. शनिवारी आल्या आल्या तिने नाणं आंबेत टाकून ठेवलं होतं आणि सकाळपासून घासत होती. दारं जिथे होती तिथे मी नखाने चाचपून बघितलं. काहीच नव्हतं.

मी जे जे बोलले ते सगळं इथे लिहायचं धाडस माझ्यात नाही. अडाणी म्हणाले, एवढं लिहिते. नऊ वर्षांचा हिशोब मागितला. आणि शेवटी म्हणाले, “डोळे फुटले काय तुहे? एवढी दारं दिसली नाही तुले?”

माय फडक्याची घडी घालत होती. घडी पुरी केली, मांडीवर ठेवली.

“नाही दिसली,” ती म्हणाली. “दिवाळीपासून दिसतच नाही मले.”

घरातलं मीठ संपलं हे सांगावं, तशा आवाजात.

माझा विश्वास बसला नाही. कारण दिवाळीनंतर महिन्याभराने मीच तिचे डोळे तपासले होते. दुकानातल्या खुर्चीवर बसवून, एक डोळा झाकून, मग दुसरा. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं तिने शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचली होती. माझ्या मायला या वयातही नंबर नाही, हे मी आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते.

हाताला धरून तिला खाली दुकानात आणलं, खुर्चीवर बसवलं, म्हटलं, वाच. तिने सुरुवात केली. ग. म. भ. न. मोठ्या ओळीवरून लहान ओळीवर, कुठे अडखळणं नाही. मी आवाज न करता उठले आणि भिंतीवरची पाटी खिळ्यावरून काढून घेतली. माय वाचत राहिली. समोर नुसती भिंत आणि खिळा, आणि माझी माय त्या भिंतीकडे बघत एकेक अक्षर म्हणत होती. शेवटची ओळ पुरी करून तिने मला विचारलं, “बराबर हाये ना?”

मी पाटी पोटाशी धरून खाली फरशीवर बसले. वीस वर्षं माय दुकानातल्या बाकावर येऊन बसते आहे. वीस वर्षं शेकडो लोकांना तीच पाटी वाचताना ऐकते आहे. तिला ती पाठ झाली होती. आणि वीस वर्षांत मी पाटी बदलली नव्हती. ही चूक धंद्यातली आहे, माझी आहे, आणि ती मी कुणावर ढकलणार नाही. नखाएवढ्या नाण्यावरच्या दाराचं फळकुट मला दिसतं, आणि हातभर अंतरावर बसलेल्या मायच्या बुबुळातला पांढुरका डाग दिसला नाही. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

मग माय सगळं सांगत गेली, तुकड्यातुकड्याने. काट्याचं काम तिच्याने होत नव्हतं. दोन-तीन नाण्यांवर तिच्या हातून ओरखडे गेले होते, आणि ते मी माझ्याच हातून गेले असं समजत होते. आपण आता कामाच्या राहिलो नाही असं तिला वाटू लागलं. आंबेने काही तरी उजळून दाखवता येईल, म्हणून तिने वाट्या चाचपल्या; एका वाटीत एकटंच नाणं लागलं. एकटं ठेवलंय म्हणजे हेच शीलीचं आवडतं, हेच उजळू, असा तिचा हिशोब.

डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. हरभरा निघू दे, मंग पाहू, एवढंच. भावाने फोनवर सांगितलं, ताई, तूच समजूत घाल. मी समजूत घालत नसते, मी घेऊन जात असते. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू होता, तो काढला की दिसणार होतं. डाव्या डोळ्यात काचबिंदू. आतली नस सुकली होती, आणि तो डोळा आता कशानेही परत येणार नव्हता. मी विचारलं, वर्षभर आधी आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, असं नेमकं सांगता येत नाही. त्या दयेने बोलल्या आणि मला ती दया नको होती.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा मी समोरच उभी होते. माय माझ्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, केस पिकले वं तुहे. डॉक्टरीणबाई हसल्या. मी मात्र तिथेच, सगळ्यांदेखत, तोंडाला पदर लावून रडले.

ते नाणं मी फेकलं नाही. वहीत त्याची नोंद आहे: उघड्या दाराची येस, चार बुरूज, टाकसाळ वाचता आली नाही, आंबेने साफ केलं. एका जाणकाराला कळवलं तर त्याने लिहिलं, पुरावा नसलेली नोंद खोडून टाका. मी खोडली नाही. दारं मी बघितली होती. सोळा-सतराशे वर्षं मातीत ती उघडी राहिली, माझ्या वाटीत पाच आठवडे राहिली, आणि माझ्या घरात बंद झाली. हेही त्या नाण्याच्या कहाणीतलंच आहे, मग ते लपवायचं कशाला?

दुकानात आता तीन पाट्या आहेत आणि दर सोमवारी मी त्या बदलते. चाळिशीच्या पुढचं कुणीही आलं की आधी डॉक्टरकडे पाठवते, डोळ्यातला दाब मोजून या म्हणते, मगच चष्मा. काही जण चिडतात, शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत. बाकावर सोबत आलेली म्हातारी माणसं बसतात ना, त्यांनाही आता उठवून खुर्चीवर बसवते. नको नको म्हणतात, तरी बसवते. आणि दसऱ्यापासून नवी ढेकळं भिजत घातली आहेत, पहिल्यापेक्षा दुप्पट. त्यात उघड्या दाराची येस असेल, नसेल. नसली तर पुढच्या वर्षी अजून घालीन. म्हणून परवा आंबट बोटं चाटत उभ्या उभ्या मी गाडीवाल्याला सांगितलं, चार जुड्या दे, माय येणार आहे.

माय आली. रविवारी गच्चीवर सतरंजी टाकली. आता ती मान तिरपी करून बसते, उजवा डोळा ताटलीवर यावा म्हणून. डाव्या बाजूने मी काही दिलं तर तिला कळत नाही, म्हणून मी बाजू बदलून तिच्या उजव्या हाताला बसले. भिंग तिच्याकडे, काटा माझ्याकडे. एक हवालदार निघाला. तो जोडझेंड्याचा की एकझेंड्याचा यावर आमचं थोडं वाजलं, आणि तीच बरोबर निघाली. खाली कुणीतरी हिरव्या हरभऱ्याचा हुळा भाजत होतं, त्याचा धूर वर येत होता. वर्षभर जे विचारायचं मी टाळलं होतं ते तेव्हा विचारलं. दिसत नाही हे तिने दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं तर मला समजलं असतं. पण पोरगी डोळ्यांचाच धंदा करते, तिच्यापासून लपवायला अख्खी पाटी पाठ करून म्हणायची?

“माय, मले सांगतलं काऊन नाही?”

तिने भिंग खाली ठेवलं.

“सांगतलं असतं, तं तू मले इथं नाण्यापाशी बसू देल्लं असतं काय?”

मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी मला चांगली ओळखते. मी तिला खाली खाटेवर बसवलं असतं, चहा दिला असता, औषधं वेळेवर दिली असती, आणि गच्चीवर एकटी आले असते.

“नाही,” मी म्हणाले.

“मंग?” असं म्हणून मायने पुढच्या नाण्यासाठी हात पुढे केला.